कृपया गवतावर बसावे

जगातल्या सगळ्या बागांमध्ये शिट्टी वाजते ती गवतावर गेलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी. ओमानमध्ये अल हैलला आमच्या घरासमोरच्या बागेत ती वाजते गवतावर न बसलेल्या माणसाला गवतावर बसवण्यासाठी. ती वाजवणारे गृहस्थ म्हणजे आमचे गजभिये साहेब.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवार सुट्टीचा. रुसैलच्या कारखान्यांत काम करणारी मंडळी बसने येतात आणि बागेच्या कडेच्या सिमेंटच्या कठड्यावर ओळीने बसतात. आत एवढं हिरवंगार गवत पसरलेलं, पण पाय मात्र बाहेर, रस्त्याकडे. त्या दिवशी अशीच आठ-दहा माणसं बसली होती आणि मागून कर्कश शिट्टी वाजली. आयुष्यभर हाकलून घ्यायची सवय असलेली ती माणसं. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चपला हातात घेतल्या आणि पळाली. त्यांच्या मागे पांढरा शर्ट, टाय, डोक्याला सुती दुपट्टा अशा वेषातला एक जाडसर माणूस धावत होता. ओरडत होता, "अरे रुको! भागो मत बे! बैठो! घास पे बैठो!"

ती माणसं आणखी जोरात पळाली. 'बैठो' म्हणत पाठलाग करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

साहेब धापा टाकत परत आले आणि माझ्याकडे वळले. मीही कठड्यावरच बसलो होतो. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी माझ्या हातातल्या मराठी मासिकाकडे पाहिलं आणि चेहरा एकदम खुलला.

"मराठी माणूस होय जी तुमी? मंग काहून बसले कठड्यावर? चला, आत चला. थ्या झाडाखाली कोरडं हाये. मी सोता पाह्यलं."

'सोता पाह्यलं' म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

गजभिये साहेब नागपूरचे. बागांची देखभाल करणाऱ्या एका खासगी कंपनीत इंजिनियर. आमची बाग, तिच्या पलीकडची समुद्राकडची पट्टी आणि एक लहान मुलांचा कोपरा, एवढं त्यांच्या ताब्यात. हाताखाली पाच-सहा माळी. पगारापुरतं काम करायचं तर पंप, पाइप आणि स्प्रिंकलर सांभाळले की झालं. पण साहेबांनी बाग अशी काही मनावर घेतली होती, की जणू घरचंच लग्नकार्य असावं. पाहुणा उभा दिसला की यांचा जीव खाली-वर.

ते गवत तपासायचे बसून. सकाळी सात वाजता इस्त्रीची पँट घालून येत, गवतात ठिकठिकाणी फतकल मारून बसत, मनातल्या मनात काही मोजत आणि उठून मान मागे वळवून स्वतःची पँट पाहत. मग पुढची जागा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाचं काहीतरी हरवलंय आणि ते त्याच्या मागच्या बाजूला चिकटलेलं असण्याची शक्यता आहे. मी एकदा न राहवून विचारलं.

"भाऊ," ते म्हणाले, "बाग कायले असते? बसाले. मंग थे डोयानं काय पाह्यची? बाग बुडानं पाह्यची असते."

कंपनीने त्यांना मातीतला ओलावा मोजायचं यंत्र दिलं होतं. ते पंपरूममध्ये खिळ्याला टांगलेलं असे. "थे मशीन मातीत घुसते," साहेब म्हणत. "मानूस घुसते काय?" 

त्यांच्या पँटच्या खिशात नेहमी एक छोटा कांदा असे. विदर्भात उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. साहेबांनी ती पद्धत ओमानमध्ये बारमाही केली होती. रोजच्या बसण्या-उठण्यात तो कांदा हमखास ठेचला जाई. त्यामुळे साहेब येण्याआधी त्यांचा वास येई. माझी बायको शुभांगी म्हणायची, "हे आले की मला भजी खावीशी वाटतात."

मात्र इथल्या उन्हाला ऊन म्हणायला साहेब तयार नसत. जुलैमध्ये आम्ही गाडीच्या दाराची कडी रुमालाने धरून उघडायचो आणि हे दुपट्ट्याने घाम पुसत म्हणायचे, "हे काय ऊन हाये? चंद्रपूरले या तुमी मे महिन्यात. तिथं तर सावलीलेच ऊन लागते." एकदा पंपाजवळ चक्कर येऊन बसले. माळ्यांनी पाणी शिंपडून शुद्धीवर आणलं, तर उठता उठता म्हणाले, "जेवलो नव्हतो बापा, म्हणून."

आता इतकी माणसं गवतावर बसवली तर गवत टिकणार कसं, हा प्रश्न कुणालाही पडेल. साहेबांनी त्यावर उपाय काढला होता. गवताला त्यांनी शिफ्ट ड्युटी लावली. बागेचे भाग पाडले आणि प्रत्येकाला पाळीपाळीने सुट्टी. ज्याची सुट्टी त्याला सकाळी भरपूर पाणी. दोरी नाही, पाटी नाही. कुणी चुकून तिथे टेकलंच तर दोन मिनिटांत आपोआप उठून कोरड्या भागाकडे जाई.

"ओलं केलं का मानूस सोताच उठते," साहेब म्हणाले. "त्याले उठ म्हनाची गरज नायी. कोनाले उठ म्हनू नये, भाऊ. लय वंगाळ वाटते ऐकाले."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू आवाजात म्हणाले होते. मी लक्ष दिलं नाही.

सकाळची बसून-तपासणी संपली की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साहेबांचं वार्तापत्र येई. 'आज गाफच्या झाडाखाली उत्तम. घसरगुंडीजवळ ओलं हाये, साड्यावाल्यांनी जाऊ नये. समुद्राकडे बसा पण मुंग्या.' गाफ म्हणजे इथलं वाळवंटी झाड, साहेबांच्या भाषेत 'आपली शमीच'. माबेलात राहणारे आमचे काही मित्र शुक्रवारी एवढी गाडी चालवून यायचे ते हे वार्तापत्र वाचून.

रुसैलची मंडळीही हळूहळू सरावली. पळणं थांबलं. शिट्टी वाजली की ती हसत कठड्यावरून उठत आणि गवतात येऊन पाय पसरत. कुणी चादर अंथरी, कुणी घरी व्हिडिओ कॉल लावून मागचं गवत दाखवी. साहेब लांबून पाहत उभे राहत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पंगतीत वाढणाऱ्या यजमानाचं समाधान असे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नायर आले.

नायर म्हणजे कंपनीचे नवे प्रोजेक्ट मॅनेजर. तरुण, चटपटीत, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे ड्रोन होता. त्यांनी तो बागेवरून उडवला आणि फोटो काढले. वरून आमची बाग गोधडीसारखी दिसत होती. इथे गर्द हिरवा तुकडा, तिथे पिवळसर, कुठे बसण्याने चपटा झालेला. कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलं होतं, नगरपालिकेचे बडे अधिकारी पाहणीला येणार होते आणि नायर साहेबांना वरून एकसारखा हिरवा गालिचा हवा होता. त्यांनी पाट्या करून आणल्या. अरबी, इंग्रजी आणि हिंदी, तिन्ही भाषांत 'गवतावर बसू नये'. सोबत साखळीची भेंडोळी.

आणि जाताना सांगून गेले, की पाहणी बिघडली तर गजभिये साहेबांची बदली रुसैलच्या रस्त्यावर. तिथे दुभाजकावरची बोगनवेल सांभाळायची.

साहेब त्या संध्याकाळी आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीत बसले.

"दुभाजकावर कोन बसन जी?" ते म्हणाले.

पगार तोच राहणार होता. खोली कंपनीचीच होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. पण साहेबांचे डोळे भरून आले होते आणि आम्हा दोघांना त्यांच्याकडे पाहवेना. शुभांगीने विचारलं, "मग पाट्या लावणार का?"

"लावाले तर सांगतल्या हायेत," साहेब म्हणाले. "पन सध्या पंपरूममधी ठेवल्या. खड्डे खनाले मानूस नायी."

पाच-सहा माळी हाताशी असताना खड्डे खणायला माणूस नाही, हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल भीती वाटली. या माणसाने काहीतरी ठरवलं होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी वार्तापत्राऐवजी विनंती आली. 'आज ज्याले जमन त्यानं बागेत येऊन बसा. रोजच्यासारखे बसा. तमाशा नको.' मी ऑफिसात दाढदुखी कळवली आणि गेलो. आम्ही सात-आठजण गाफच्या झाडाजवळ रोजच्यासारखं बसायचा प्रयत्न करत होतो. रोज आपण नेमके कसे बसतो ते अशा वेळी आठवत नाही. आमच्यातला एकजण तर पद्मासन घालून बसला होता.

साहेब पहाटेपासून त्या झाडाखाली बसत-उठत होते. शेजारी कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, भरलेला थर्मास, छोटे पेले आणि खजुराची थाळी. पाट्यांचा पत्ता नव्हता. नायर आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांचा चेहरा लाल झाला. पण काही बोलायच्या आत पाहुण्यांची गाडी आली.

गाडीतून उतरले ते एक वयस्कर ओमानी गृहस्थ. सगळे त्यांना अबू सालेम म्हणत होते. हातात काठी, अंगात नुकताच इस्त्री केलेला पांढराशुभ्र दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा. नायरनी टॅब्लेटवर आलेख दाखवायला सुरुवात केली. अबू सालेम चालत होते, मान हलवत होते, मधूनच गुडघा चोळत होते. गाफच्या झाडापाशी आल्यावर ते थांबले. साहेबांनी ती वेळ अचूक साधली. त्यांना अरबी येते ती बारा-पंधरा शब्दांपुरती, तीही नागपुरी चालीवर. मुदीर म्हणजे मोठे साहेब, तफद्दल म्हणजे या.

"मुदीर! तफद्दल! इधर बैठो. कावा है."

साहेब लगबगीने चटई उलगडायला लागले, पण अबू सालेमनी हातानेच नको म्हटलं आणि काठी टेकवत सरळ गवतावर मांडी घातली. इथल्या माणसाला जमिनीवर बसायचं आमंत्रण दोनदा द्यावं लागत नाही.

नायर मात्र पांढरे पडले. दिशदाशाइतकेच. ते साहेबांच्या कानाशी लागले, पण आम्हाला ऐकू आलं. "गजभिये, वो कपडा हरा हुआ ना, तो कल से रुसैल."

यानंतर कावा प्यायला गेला, खजूर खाल्ले गेले, पण आम्हा कुणाचंही लक्ष तिकडे नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्या पांढऱ्या कापडाचा जो भाग दिसत नव्हता तिकडे लागल्या होत्या. अबू सालेम तब्येतीत बसले होते. त्यांनी एका पिवळ्या तुकड्याकडे काठी रोखून विचारलं, "ये क्यूं ऐसा है?"

"उसने हफ्ताभर ड्यूटी किया," साहेब म्हणाले. "कल से उसका छुट्टी है."

"घास का छुट्टी?"

"हां मुदीर. सबका होता है."

अबू सालेमनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सही बात." मग काठीवर भार देऊन उठले.

 गजभिये साहेबांनी कसलीही भीडभाड न ठेवता पाहुण्यांना वळसा घातला, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि मागून नीट पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाची अशी पाहणी कुणी केली नसेल. नायरनी डोळे मिटून घेतले. आणि साहेब उभे राहून, पेपर सोपा गेलेल्या विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "खलास! एकदम साफ!"

"क्या देखा?" अबू सालेमनी विचारलं.

आता खोटं बोलणं साहेबांना जमत नाही. त्यांनी आपली सगळी परीक्षापद्धत हिंदीत, प्रात्यक्षिकासह समजावून सांगितली. प्रात्यक्षिकात कांदा फुटला. अबू सालेम इतके हसले, की त्यांच्या ड्रायव्हरला हात द्यावा लागला. नायरनी संधी पाहून हळूच पाट्यांचा विषय काढला. गवत वाचवायचा प्रस्ताव म्हणून.

अबू सालेमनी डोळे पुसले. "इधर नहीं बैठेगा तो आदमी किधर बैठेगा? रोड पे?" म्हणाले आणि गाडीकडे गेले.

कंत्राट कंपनीकडेच राहिलं, साहेब बागेतच राहिले. नायरही नंतर एकदा बायको-मुलांना घेऊन संध्याकाळी आले आणि वार्तापत्रात सांगितलेल्या जागी बसले. पाट्या अजून पंपरूममध्ये आहेत. माळी त्यांच्यावर जेवणाचे डबे मांडतात.

इथपर्यंत गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे. मी ती ऑफिसात तशीच सांगतो. पुढचा शुक्रवार मात्र मी कुणाला सांगितला नव्हता.

त्या संध्याकाळी हवा छान होती. बाग भरली होती, रुसैलची सगळी मंडळी गवतात पसरली होती. शुभांगीने चिवडा आणि चहा आणला होता. तिने साहेबांना हाक मारली. ते आले आणि आमच्या चटईपासून जरा लांब, कठड्यावर टेकले.

"साहेब, एक विचारू?" शुभांगी म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना बसवता, पण तुम्ही स्वतः कधी बसत नाही. टेकता आणि उठता. आज तरी बसा ना, नीट."

मी इतकी वर्षं त्यांना पाहत होतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून चटईच्या कोपऱ्यावर ठेवली, चहा घेतला. 

"आमचा बाबा माळी होता, वहिनी," ते म्हणाले. "नागपूरले, साहेब लोकायच्या बंगल्यावर. एवढं मोठं लॉन. जलमभर त्यानं थे कापलं, पानी देल्लं. मी दुपारी डबा घेऊन जाओ. तर बाबा लॉनच्या भायेर, इटेच्या काठावर बसून जेवे. पाय भायेर. मी एकदा पयालो लॉनवर, लहान होतो. चौकीदारानं शिटी मारली. बाबा सोता धावत आला अन् मले उचलून भायेर काढलं. मारलं नायी. पन थरथर कापून राह्यला होता."

शुभांगीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"मंग मी इंजिनियर झालो. बाबाले इथं आणलं, व्हिजिट व्हिजावर. म्हनलं, बाबा, हे लॉन माह्या ताब्यात हाये, बस मधोमध. कोनी काई म्हनत नायी. तर हा इथंच बसला. या कठड्यावर. हातानं गवत पाह्यलं, म्हने चांगलं राखलं पोरा. पन आत नायी आला. रोज आणो मी त्याले. रोज म्हने, उद्या बसू." त्यांनी कप खाली ठेवला. "मंग वारला तो, नागपूरले गेल्यावर. राह्यलंच थे. तवापासून कोनी कठड्यावर पाय भायेर करून बसलं का मले पाह्यवत नायी."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

साहेब ओशाळं हसले. "बसतो ना. पन बसलो का वाटते, आता कोनी शिटी मारन. मंग उठतो. पन्नाशी उलटली, तरी जात नायी."

या माणसाची मी ऑफिसात, ग्रुपवर, घरी किती नक्कल केली होती.    शुभांगीने चटईवरची शिट्टी उचलली, ओढणीच्या टोकाने स्वच्छ पुसली आणि छाती भरून वाजवली. तिला शिट्टी वाजवता येते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

सगळी बाग वळून पाहायला लागली.

"गजभिये साहेब!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कठड्यावर बसायचं नाही. उठा. गवतावर बसा!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग रुसैलच्या मंडळींना उमगलं. शिट्टी ऐकून चपला हातात घेऊन पळालेल्यांपैकी एकजण उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "साब! भागो मत! बैठो! घास पे बैठो!" मग दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. सगळी बाग त्यांच्याच शब्दांत त्यांना बसायला सांगायला लागली.

साहेब उठले. कठडा ओलांडून आत आले, आमच्या चटईजवळून पुढे गेले. चालत चालत पार हिरवळीच्या मधोमध पोहोचले आणि तिथे मांडी घालून बसले. चौकीदार नव्हता, कुणी शिट्टी मारली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाय पसरले, तळवे मागे गवतात टेकवले आणि मान वर करून आकाशाकडे पाहत राहिले.

ते बसले होते तो भाग त्या दिवशी सुट्टीवर होता. सकाळी त्यांनीच त्याला भरपूर पाणी दिलं होतं. ते मला दिसत होतं, शुभांगीलाही दिसत होतं. आम्ही काही बोललो नाही.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाल्यावर ते उठले. सगळी पँट भिजली होती. साहेबांनी मान वळवून पाहिलं नाही. तसेच आमच्याकडे आले, शिट्टी मागून घेतली आणि चिवडा उरलाय का म्हणून विचारलं.